सव्वा लाख अक्षरांची नागीण



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या गुरुजींनी मला सातवीत विज्ञान शिकवले. फळ्यावर आकृती काढण्याआधी ते वस्तू हातात द्यायचे. बी शिकवायचे तर आदल्या रात्री भिजवलेला हरभरा प्रत्येकाच्या तळहातावर ठेवायचे. म्हणून आज मीही रिकाम्या हाताने आलेलो नाही. समोरच्या टेबलावर एक अख्खा, न सोललेला नारळ आहे, एक करवंटी आहे आणि चाळीस मीटर सुतळी आहे. त्यांचे काम पुढे येईल. सुरुवात मात्र माझ्या आत्यापासून करतो, कारण या विषयाशी माझी पहिली गाठ तिच्यामुळे पडली.

साल 1971. मोठ्या दुष्काळाच्या आदले वर्ष. मी दहा वर्षांचा होतो आणि आम्ही पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी राहत होतो. ऐन सुगीत आत्याच्या उजव्या बगलेखाली आग व्हायला लागली. अंगावर काहीच दिसत नव्हते. आजी म्हणाली, बाजरीचे ओझे उचलताना चमक भरली असेल. तिसऱ्या दिवशी कण्यापासून छातीपर्यंत चार बोटे रुंदीचा लाल पट्टा उठला आणि त्यावर पाण्याने भरलेले, एकमेकांना खेटलेले बारीक फोड आले. ते पाहताक्षणी आजीच्या तोंडून शब्द निघाला, “नागीण उठली.”

शेजारच्या वाडीवरून नागीण उतरवणारे एक बाबा आले. त्यांनी काव उगाळली, फोडांच्या कडेने लाल रेघ ओढली, एका टोकाला फणा काढला, ओठांतल्या ओठांत काही म्हटले. निघताना बजावले, “तोंड आन् शेपूट एक होऊ देऊ नका. विळखा पुरा झाला की माणूस गेलं.”

मग रोज दिवेलागणीला आमच्या घरात मोजणी सुरू झाली. आजी कंदील धरायची. मी लुगड्यावरूनच, पाठीच्या कण्यापासून डाव्या अंगाने वळसा घेत छातीच्या मध्यापर्यंत सुतळी धरायची, म्हणजे नागिणीच्या दोन टोकांमधले अंतर कळे. तिथे सुतळीला गाठ मारायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचे. माझे हात कापायचे. गाठ एका बोटाने जरी मागे सरकली तरी आत्या जाणार, असे मला वाटत होते. सहा दिवस मोजले. गाठ जागची हलली नाही.

फोड सुकले, खपल्या पडल्या, बाबांना नारळ आणि सव्वा रुपया मिळाला. आग मात्र गेली नाही. पुढची चार वर्षे आत्याला त्या जागी पदराचा स्पर्श सोसवत नसे. थंडीतही ती उजवी बाजू उघडी टाकून झोपायची. आणि आणखी एक गोष्ट घडली, जिचा अर्थ मला पुढे वीस वर्षांनी कळला. नागीण उठल्यावर साधारण पंधरा दिवसांनी माझ्या तीन वर्षांच्या भावाला कांजण्या आल्या. तो आत्याच्या कुशीत झोपायचा. गावात त्या वेळी दुसऱ्या कुणालाही कांजण्या नव्हत्या. आजीने दाराला लिंबाचा डहाळा बांधला आणि म्हणाली, “एका घरावर दोन कोप झाले.”

श्रोतेहो, मी आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. त्या अनुभवाच्या जोरावर सांगतो, त्या घरातले प्रत्येक निरीक्षण खरे होते. आग आधी, फोड नंतर, हे खरे. पट्टा एकाच बाजूला, हे खरे. टोके एकमेकांना भेटत नाहीत, हे खरे. नागिणीमागोमाग घरातल्या लहानग्याला कांजण्या, हेही खरे. चुकले ते फक्त कारण. कोप दोन नव्हते, एकच होता. आणि तो बाहेरून आलेलाच नव्हता. तो आत्याच्या स्वतःच्या शरीरात, तिच्या लहानपणापासून, एका लहानशा मजकुराच्या रूपात पडून होता. त्या मजकुराची लांबी 1,24,884 अक्षरे आहे. आपल्या भाषेत सव्वा लाख.

तो मजकूर कसा आहे हे सांगण्याआधी शब्दापाशी क्षणभर थांबतो. हा मजकूर एका विषाणूचा आहे, आणि डॉक्टर त्याच्या कुळाला ‘हर्पिस’ म्हणतात. हा ग्रीक शब्द आहे, आणि त्यामागचे क्रियापद ‘हर्पेइन’ म्हणजे सरपटणे. संस्कृतातल्या शब्दारंभीच्या ‘स’च्या जागी ग्रीकमध्ये ‘ह’ येतो. आपले ‘सप्त’ तिकडे ‘हेप्ता’ होते. तोच नियम इथे लावा. सृप्, सर्प, हर्प. म्हणजे ‘हर्पिस’ आणि ‘सर्प’ हे एकाच मुळापासून निघालेले शब्द आहेत. आपल्या वैद्यांनी अंगावर पसरत जाणाऱ्या रोगाला ‘विसर्प’ म्हटले आणि चरकसंहितेत त्याच्या चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे. आणि माझ्या आजीने, जिला अक्षर येत नव्हते, तिने ‘नागीण’ म्हटले. त्वचेवर काहीतरी सरपटते आहे हे सगळ्यांना दिसले होते. ते कुठून निघाले, हे कुणालाच दिसत नव्हते.

नागीण आणि कांजण्या यांचे नाते पहिल्यांदा लक्षात आले ते माझ्या आजीसारख्याच घरगुती निरीक्षणातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हंगेरीतले बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाय यांनी नोंदवले की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की मागोमाग मुलांना कांजण्या येतात. पुढे इंग्लंडमधल्या सिरन्सेस्टर या गावचे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी तेच काम चिकाटीने केले. ते कुठल्या मोठ्या संस्थेत नव्हते. गावात दवाखाना चालवत होते. साडेतीन हजार वस्तीतल्या नागिणीच्या रुग्णांची त्यांनी सोळा वर्षे वही ठेवली. 192 रुग्ण झाले. 1965 साली त्यांनी मांडले की नागीण कुणाकडून लागत नाही. लहानपणीच्या कांजण्यांचा विषाणू कण्यालगतच्या मज्जापेशींमध्ये दडून राहतो आणि म्हातारपणी, अंगातला पहारा ढिला पडला की पुन्हा उठतो. ज्या माणसाकडे सूक्ष्मदर्शकाऐवजी फक्त एक वही होती, त्याचे हे अनुमान जवळजवळ शब्दशः बरोबर निघाले. 1983 साली मृत माणसांच्या मज्जापेशींत या विषाणूचा डीएनए सापडला. 1984 साली अमेरिकेत स्टीफन स्ट्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच रुग्णाच्या कांजण्यांतला आणि नंतर उठलेल्या नागिणीतला डीएनए घेतला, ठरावीक अक्षरजुळणीपाशीच कापणाऱ्या विकरांनी दोन्हींचे तुकडे केले आणि शेजारी शेजारी ठेवले. तुकडे जुळले. मजकूर एकच होता. दोनच वर्षांनी, 1986 साली, ग्लासगो इथे अँड्र्यू डेव्हिसन आणि जेम्स स्कॉट यांनी तो संपूर्ण मजकूर अक्षर अन् अक्षर वाचून छापला.

आता नारळ घ्या.

हर्पिस कुळातल्या विषाणूची रचना सांगायला नारळाइतकी जवळची वस्तू मला दुसरी सापडलेली नाही. नारळाला बाहेर गुळगुळीत साल असते, तिच्या आत काथ्या, त्याच्या आत करवंटी. विषाणूलाही बाहेर स्निग्ध आवरण असते. त्यावर साखरेचे अंश जडवलेली प्रथिने काट्यांसारखी उभी असतात आणि त्यांनीच तो आपल्या पेशीला चिकटतो. आवरणाच्या आत काथ्यासारखा प्रथिनांचा थर असतो. हा थर नुसता भरावाचा नाही. पेशीत शिरताक्षणी लागणारी तयार प्रथिने त्यात भरलेली असतात, पाहुण्याने शिदोरी बांधून आणावी तशी. आणि त्याच्या आत करवंटी: 162 घटक जोडून झालेले वीस पृष्ठांचे, बारा कोपऱ्यांचे कवच.

नारळ सोलला की तीन डोळे दिसतात. त्यांतले दोन कठीण असतात, एक मऊ. कोंब त्या मऊ डोळ्यातूनच फुटतो. विषाणूच्या कवचालाही बारा कोपरे असले तरी त्यांतला एकच कोपरा वेगळा घडलेला असतो. डीएनए आत भरला जातो तो तिथूनच, आणि पेशीच्या केंद्रकाच्या दाराशी आल्यावर बाहेर सोडला जातो तोही तिथूनच.

आता ही करवंटी आणि ही सुतळी. कवचाची आतली पोकळी साधारण 100 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. तिच्यात मावणारा डीएनएचा धागा सरळ केला तर सुमारे 42 मायक्रोमीटर, म्हणजे पोकळीच्या चारशे पट लांब. ही करवंटी दहा सेंटिमीटरची आहे. त्या हिशेबाने तिच्यात चाळीस मीटर सुतळी गेली पाहिजे, आणि सुतळीची जाडीही हिशेबात बसते, दोन मिलिमीटर. आपल्याकडच्या जुन्या विहिरीवर मोटेचा नाडा जेवढा लागे त्याहून लांब. काल रात्री माझ्या नातीने आणि मी मिळून ती भरून पाहिली. वेड्यावाकड्या घड्या घातल्या तर निम्मी बाहेर राहते. एकावर एक वेटोळी नीट बसवली तरच जाते, आणि शेवटची काही हात कोंबताना अंगठा दुखतो. विषाणूतही तसेच आहे. ओठांवर फोड आणणाऱ्या याच कुळातल्या विषाणूत, कवचाच्या आत, वातावरणाच्या सुमारे 18 पट दाब मोजला गेला आहे. दार उघडले की धागा त्या दाबानेच केंद्रकात उसळतो.

या धाग्यावरची अक्षरे चारच आहेत: ए, टी, जी आणि सी. पण त्यांची मांडणी पाहण्यासारखी आहे. लहानपणी आपण सगळ्यांनी ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटसुलट वाचले आहे. रा-मा-ला, मध्ये भा, मग ला-मा-रा. डावीकडचा तुकडा उजवीकडे आरशात पाहिल्यासारखा. नागिणीच्या विषाणूचा मजकूर दोन भागांत आहे, एक दीर्घ आणि एक लघु. दीर्घ भाग जवळजवळ 1 लाख 5 हजार अक्षरांचा. लघु भाग 5,232 अक्षरांचा, आणि त्याच्या दोन्ही कडांना 7,320 अक्षरांचा एकच मजकूर, एकीकडे सुलट आणि दुसरीकडे उलट. म्हणजे मधल्या ‘भा’च्या जागी मोठा मजकूर, आणि दोन्ही बाजूंना ‘रामाला’ आणि ‘लामारा’. कडा अशा जुळत्या असल्यामुळे मधला भाग सुटून उलटा बसू शकतो. एका फोडातल्या पाण्यात असे दोन्ही प्रकारचे विषाणू जवळपास निम्मे निम्मे असतात: अर्ध्यांचा लघु भाग सुलट, अर्ध्यांचा उलट. ओठांवरच्या फोडांच्या विषाणूत तर दीर्घ आणि लघु असे दोन्ही भाग फिरतात, त्यामुळे तिथे चार रूपे सारख्या प्रमाणात सापडतात. पोथीची सुटी पाने कुणी उलटी लावली तरी पोथी तीच राहावी, तसा हा प्रकार. याचा विषाणूला नेमका काय फायदा, यावर माझ्या पिढीने पुष्कळ डोके खपवले. रोग होण्याच्या दृष्टीने चारही रूपे सारखीच.

एवढ्या मजकुरात सुमारे 70 जनुके आहेत. कोरोनाच्या विषाणूचा मजकूर साधारण 30 हजार अक्षरांचा आहे आणि तो आरएनएचा आहे. दोन-चार वर्षांत त्याने किती रूपे बदलली ते आपण भोगले. नागिणीचा विषाणू डीएनएचा. नक्कल करताना झालेली चूक मागे वळून खोडणारे विकर तो स्वतःबरोबर बाळगतो, म्हणून तो फार हळू बदलतो. त्याला बदलायची घाईही नाही. कोरोनाला दर आठवड्याला नवा माणूस लागतो. हा मात्र एका माणसात पन्नास वर्षे वाट पाहतो आणि आजीच्या अंगातून नातवाकडे जातो. कोट्यवधी वर्षे या कुळाने अशीच काढली आहेत. प्राण्यांच्या वंशवृक्षाला जिथे जिथे फांद्या फुटल्या, तिथे तिथे बहुधा याच्याही फुटल्या.

वाट कशी पाहतो? कांजण्यांच्या वेळी तो त्वचेतून संवेदनांच्या मज्जातंतूंत शिरतो. कण्यालगत, प्रत्येक मणक्याच्या दोन्ही बाजूंना, या तंतूंच्या पेशींची एकेक गाठ असते. तिथे पोचल्यावर त्याचा धागा दोन्ही टोके जोडून कडे बनतो. आपल्या डीएनएप्रमाणेच प्रथिनांभोवती गुंडाळला जातो आणि गप्प बसतो. 70 पैकी जवळजवळ सगळी जनुके मिटलेली. जवळजवळ काहीच वाचले जात नाही, म्हणून पहाऱ्यावरच्या पेशींना तो दिसतच नाही. ना ताप, ना दुखणे.

वय वाढले, मधुमेह बळावला, मोठे आजारपण झाले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाली, की एखाद्या गाठीतला मजकूर पुन्हा उघडतो. पहिल्यांदा होरपळते ती मज्जापेशी, म्हणून आग आधी. मग त्या गाठीतून निघालेल्या तंतूवरून तो त्वचेपर्यंत उतरतो, म्हणून फोड नंतर. आणि त्या तंतूचे राज्य शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते. पलीकडची त्वचा पलीकडच्या गाठीची. म्हणून माझ्या सुतळीची गाठ सहा दिवस जागची हलली नाही. ती बाबांच्या कावेने थांबली नव्हती आणि माझ्या मोजण्यानेही नाही. दोन्ही बाजूंच्या गाठी एकदम उठणे अतिशय विरळ, आणि उठल्या तरी टोके भेटली म्हणून कुणी मरत नाही. हे मला त्या दहा वर्षांच्या मुलाला जाऊन सांगता आले असते, तर त्याला आठवडाभर शांत झोप लागली असती.

बाबांना मी दोष देत नाही. त्या वर्षी जगातल्या कुठल्याही दवाखान्यात नागिणीवर खात्रीचे औषध नव्हते. ते सापडले सत्तरीच्या दशकात, आणि कसे सापडले हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते या मजकुराच्या छत्तिसाव्या जनुकापाशी येऊन पोचते. गर्ट्रूड एलियन यांच्या गटाने अमेरिकेत ॲसायक्लोव्हिर नावाचे रसायन तपासले. ते ‘जी’ या अक्षरासारखे दिसते, पण पुढचे अक्षर अडकवायची कडी त्याला नाही. आपल्याकडे गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडतात. पहिलीला मागे आकडाच नसेल तर दुसरी जोडणार कुठे? विषाणू आपली नक्कल करताना हे खोटे अक्षर उचलतो आणि धागा तिथेच थांबतो. पण मग आपल्या पेशींचे धागे का थांबत नाहीत? कारण हे रसायन कामाचे होण्यासाठी त्याला आधी फॉस्फेटचा एक गट जोडावा लागतो. आपल्या पेशी ते काम जवळजवळ करतच नाहीत. छत्तिसाव्या जनुकापासून तयार होणारे विषाणूचे स्वतःचे विकर, थायमिडीन कायनेज, ते तत्परतेने करते. म्हणजे शत्रू ज्या घरात शिरला त्याच घरात औषध जागे होते. एलियन यांच्याकडे पीएचडी नव्हती. 1988 साली त्यांना नोबेल मिळाले.

यातूनच एक मर्यादाही कळते, आणि माझ्या मते आजच्या संध्याकाळची सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे. हे औषध चालू असलेली नक्कल थांबवते. मिटून बसलेल्या मजकुराला ते हात लावू शकत नाही आणि होरपळून गेलेली मज्जापेशी परत आणू शकत नाही. म्हणून फोड दिसल्यापासून पहिले 72 तास सोन्याचे. ते काव लावण्यात, उतारा काढण्यात, चमक भरली म्हणून बाम चोळण्यात गेले, की पुढे माझ्या आत्याची चार वर्षे उरतात. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर तीन दिवसही थांबायचे नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे. कारण नाकाच्या शेंड्याकडे जाणारा तंतू आणि डोळ्याकडे जाणारा तंतू एकाच फांदीचे आहेत.

अहिल्यानगर जिल्ह्यात उभे राहून या कुळाबद्दल बोलायचे आणि गोठ्यात डोकावायचे नाही, हे शक्य नाही. संगमनेर, राहाता, राहुरी, अकोले, नेवासे इकडची कितीतरी घरे दुधाच्या पगारावर चालतात. होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय घडवली ती आपल्याच राहुरीच्या कृषी विद्यापीठाने. या संकरित गाईंना होणारा एक रोग आहे, आयबीआर. भारतात त्याची पहिली नोंद 1976 सालची. नाक लाल होऊन वाहते, ताप येतो, दूध आटते. पाच-सहा महिन्यांची गाभण गाय गाभडते. किंवा काहीच दिसत नाही, गाय नुसती उलटत राहते आणि मालक कांडीमागून कांडी भरत राहतो. त्या रोगाचा विषाणू, श्रोतेहो, आत्याच्या नागिणीच्या विषाणूचा चुलत भाऊ आहे. केवळ एका कुळातला नव्हे, एकाच प्रजातीगटातला. तो रोग माणसाला होत नाही, त्याची भीती नको. पण मांडणी तीच: दीर्घ भाग, लघु भाग, लघु भागाच्या कडांना उलटसुलट मजकूर. लांबी सव्वा लाखाच्या जागी 1 लाख 35 हजार. जी आणि सी ही दोन अक्षरे मात्र आपल्याकडच्या विषाणूत शेकड्याला 46 आणि गाईच्या विषाणूत 72. लिपी वेगळी भासावी इतका फरक, पण कथानक एकच.

सवयही तीच. गाय बरी झाली की विषाणू तिच्या डोक्यातल्या मज्जापेशींच्या गाठीत जाऊन बसतो. घोडेगाव किंवा लोणीच्या बाजाराला ट्रकमधून उभ्याने नेली, व्याली, अंगावर ताण आला, की तो उठतो आणि नाकावाटे दुसऱ्या जनावरांत जातो. वळूत असेल तर रेतातून जातो, म्हणून गोठित रेत तयार करणाऱ्या केंद्रांत वळूंची आयबीआरसाठी तपासणी करतात. 2022 च्या लम्पीने आपल्या गोठ्यांचे हाल केले. लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला, हर्पिसचा नाही. पण अगदी लम्पीसारख्याच गाठी आणणारा एक सौम्य रोग आहे, आणि तो गाईच्याच दुसऱ्या एका हर्पिस विषाणूमुळे होतो. नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत फसगत होते. मजकूर वाचला की होत नाही.

आता लघु भागातल्या एका जनुकाची गोष्ट सांगतो. मला स्वतःला ती या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आवरणावरचे ‘जीई’ नावाचे एक प्रथिन या जनुकापासून बनते. गाईच्या विषाणूला ते नसले तरी चालते, प्रयोगशाळेत तो त्याच्याशिवाय वाढतो. म्हणून युरोपात ‘जीई’चे जनुक कापून टाकलेल्या विषाणूची लस केली. लस दिलेल्या गाईच्या रक्तात बाकी सगळ्या प्रथिनांविरुद्ध प्रतिद्रव्ये सापडतात, ‘जीई’विरुद्ध सापडत नाहीत. सापडली तर समजायचे, हिला खरा रोग होऊन गेला आहे. निरोगी आणि लपून रोग बाळगणारी, दोघी एका रक्तचाचणीत वेगळ्या होतात. अशी निवड करत करत जर्मनीने 2017 पर्यंत आपले गोठे या रोगातून मुक्त केले. माणसाच्या विषाणूला मात्र ‘जीई’वाचून जगताच येत नाही. माणसासाठी नेमके उलटे केले: सगळा विषाणू बाजूला ठेवला आणि फक्त ‘जीई’ घेऊन नागिणीची लस बनवली. 2023 पासून ती भारतात मिळते, पन्नाशीनंतर, दोन मात्रांत. एकच जनुक. एका भावाच्या लशीत त्याची रिकामी जागा कामाला आली, दुसऱ्याच्या लशीत ते एकटेच. ही लस आज सामान्य घराला महाग आहे आणि ती स्वस्त होऊन प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत यावी असे मला मनापासून वाटते. आपल्या शेतमजूर बायाबापड्यांना म्हातारपणीही ओझे उचलावे लागते. त्यांच्या पाठीला ही आग परवडणारी नाही.

याच जिल्ह्यात, जामखेडला, 1970 साली डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी काम सुरू केले आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. त्या बायकांनी बाळंतपणे केली, हगवण थांबवली, क्षयाचे रुग्ण हुडकून काढले. तेव्हा ‘हे विज्ञान खेड्यात कळणार नाही’ असे माझ्यासमोर कुणी म्हणू नये. ज्या आजीला आग आधी आणि फोड नंतर एवढे कळत होते, तिला 72 तास कळले नसते?

गेल्या दिवाळीत गावाहून पुतण्याचा फोन आला. “काका, आईच्या पाठीवर नागीण उठलीय. उतरवायला माणूस येतोय.” मी विचारले, फोड कधी दिसले? “काल सांजच्याला.” म्हटले, तो माणूस येईल तेव्हा येईल, तू आधी गाडी काढ. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी गोळ्या सुरू केल्या. पुतण्याला मी आणखी एक प्रश्न विचारला होता: घरात कांजण्या न झालेले कोण आहे? त्याचा धाकटा, अडीच वर्षांचा. आजीशिवाय न झोपणारा. खपल्या धरेपर्यंत त्याला टाकळीला मामाकडे ठेवला. तिथे त्याने दोन रात्री रडून काढल्या, तिसऱ्या रात्री मामीपाशी झोपला. बाराव्या दिवशी तो परत आला तेव्हा वहिनी अंगणात पाठीवर शाल घेऊन शेंगा फोडत बसल्या होत्या.